फडणीस, चिटणीस, महालनोबिस: एका 'नीस'चा प्रवास

सरकारी कचेरीत टपाल स्वीकारणाऱ्या टेबलावर अजूनही 'आवक-जावक बारनिशी' अशी पाटी दिसते. राजकीय पक्षांना 'सरचिटणीस' असतात. आणि शाळेच्या हजेरीपटापासून दवाखान्याच्या पाटीपर्यंत आपल्याला सबनीस, पोतनीस, टिपणीस, कारखानीस भेटत असतात. बारनिशीतला, सरचिटणीसातला आणि या आडनावांतला 'नीस' एकच आहे. त्याचा अर्थ लिहिणारा.

ही आडनावे व्यवसायावरून पडली, हे बहुतेकांना माहीत असते. पण त्यापुढे एक समज सर्रास आढळतो. आडनाव एक म्हणजे मूळ पुरुष एक, मूळ गाव एक. 'नीस' आडनावांच्या बाबतीत हा समज जवळजवळ उलटा आहे. दोन फडणीस घराण्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसू शकतो, आणि एका फडणिसाचे सख्खे भाऊबंद भलतेच आडनाव लावत असू शकतात. असे का, हे नीट कळायला आधी शब्द बघावा लागतो, मग दप्तर, आणि मग त्या दप्तराबरोबर झालेली स्थलांतरे.

फारसीत 'नविश्तन' म्हणजे लिहिणे. 'नवीस' म्हणजे लिहिणारा. उर्दूतला खुशनवीस सुंदर अक्षर काढतो, नक्शानवीस नकाशे काढतो, अर्जनवीस लोकांचे अर्ज लिहून देतो. इराणात 'खोशनेवीस' हे आजही आडनाव आहे. हा धातू फार जुना. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातल्या इराणी सम्राट दारयवहुशाच्या (डरायसच्या) शिलालेखांत तो 'निपिश्त' म्हणजे 'लिहिलेले' अशा रूपात येतो. त्याहून मला मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. सम्राट अशोकाचा शाहबाजगढीचा लेख आज पाकिस्तानात आहे. त्यातही 'लिहिले' यासाठी 'निपिस्त' हाच शब्द कोरलेला आहे. म्हणजे फडणिसाच्या शेपटीतला हा शब्द मुसलमानी अमलाच्या हजारभर वर्षे आधी एकदा भारताच्या वायव्य सीमेवरच्या दगडावर येऊन गेला होता.

दख्खनेत तो रुळला तो मात्र सुलतानांच्या कचेऱ्यांतून. बहमनी राज्य १३४७ मध्ये उभे राहिले, पुढे त्याच्या पाच शाह्या झाल्या. दरबाराची भाषा फारसी, पण गावोगावचा वसूल आणि हिशेब मराठी-कानडी लिहिणाऱ्यांच्या हातात. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (१५३४ ते १५५८) तर महसुली हिशेब फारसीऐवजी इथल्या भाषांत ठेवण्याची पद्धत पाडली. त्यामुळे झाले असे की लेखणी मराठी माणसाची, लिपी मोडी, आणि हुद्द्याचे नाव फारसी. पुढची तीनशे वर्षे हीच मोट टिकली.

'नवीस'चा 'नीस' कसा झाला, हे तोंडाने म्हणून पाहिले की कळते. फडणवीस भरभर म्हणा. मधला 'व' विरघळतो, 'फडणईस' होते, आणि मग फडणीस. ज्यांनी मूळ रूप जपले ते फडणवीस राहिले. फडणीस आणि फडणवीस हे दोन वेगळे हुद्दे नव्हेत.

आणखी एक बारकावा मराठी कानालाच कळतो. सबनीस, पोतनीस, पारसनीस, जमेनीस यांत 'न' आहे, पण फडणीस, चिटणीस, कोटणीस यांत 'ण'. ड आणि ट उच्चारताना जीभ मागे वळते, त्यामुळे पुढचा 'न'ही मागे ओढला जाऊन 'ण' होतो. टिपणीसात तर 'टिपण' या शब्दातच 'ण' आहे. टिपण आपले, चिठ्ठी आपली, शेपूट फारसी. दोन भाषांचा इतका बेमालूम सांधा की शतकानुशतके कोणाला तो खुपला नाही.

शिवाजी महाराजांनी मात्र तो जाणूनबुजून उसवायचा प्रयत्न केला. १६७४ च्या राज्याभिषेकात अष्टप्रधानांच्या फारसी हुद्द्यांना संस्कृत नावे मिळाली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत. याच हेतूने राजव्यवहारकोश, म्हणजे कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश, तयार करवला गेला. वरच्या पदांवर ही नावे टिकली. अमात्य, सचिव अशा पदव्या पुढे घराण्यांना चिकटल्या. पण खालच्या कचेरीत, जिथे रोज बोरू शाईत बुडत होता, तिथे फडणीस फडणीसच राहिला आणि सबनीस सबनीसच. लोकांच्या तोंडी बसलेला कामाचा शब्द हुकमाने हलत नाही, याचा हा ठसठशीत पुरावा.

आता एकेकाचे काम. चिटणीस पत्रे लिहितो. राजाच्या मनात काय आहे ते ओळखून त्याचा मजकूर करणे, कोणाला कोणता मायना वापरायचा, कोणाला 'आज्ञा' लिहायची आणि कोणाला 'विनंती', हे त्याचे शास्त्र. फडणीस हिशेबाची नोंद ठेवतो. 'फर्द' म्हणजे कागदाचा बंद किंवा यादी, त्यावरून हा शब्द आल्याचे मानतात. काहीजण 'फड' म्हणजे कचेरी, इथून तो काढतात. सबनीस फौजेची हजेरी घेतो. 'सफ' म्हणजे सैन्याची रांग, तिच्यातली माणसे आणि घोडी मोजणारा तो. कारखानीस कोठारे पाहतो. तेव्हा कारखाना म्हणजे धान्य, दारूगोळा, हत्ती, तोफा अशा एकेका गोष्टीचे खाते. पोतनिसाकडे रोकड. जमेनिसाकडे जमेचा, म्हणजे वसुलाचा हिशेब. पारसनीस फारसी पत्रव्यवहार सांभाळतो. वाकनिसाकडे 'वाकया', म्हणजे घडलेल्या घटनांची रोजनिशी.

हे इतके लिहिणारे कशाला लागायचे? स्थलांतराची किल्ली या प्रश्नातच आहे.

सत्ता एकाच्या हातात एकवटू नये म्हणून मराठी राज्यात कामाची वाटणी मुद्दाम केलेली असे. शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे बरोबरीचे अधिकारी असत आणि कोठाराला कारखानीस वेगळा. एकाने दगा द्यायचा ठरवले तरी दुसरे सामील झाल्याशिवाय गड जाऊ नये, ही त्यामागची योजना. पुढे पेशवाईत हीच कल्पना सुभ्यांना आणि मोठ्या सरदारांच्या पथकांना लागू झाली. प्रत्येक ठिकाणी आठ दरकदार, म्हणजे कचेरीचे अधिकारी: दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार आणि पोतनीस. यांना नेमायचे वरून. सरदाराने पैसा उचलला तर फडणिसाच्या नोंदीत दिसणार, मुजुमदाराच्या तपासणीत सापडणार. हजार स्वारांचा पगार घेऊन सातशेच ठेवले, तर सबनिसाच्या हजेरीत उघडे पडणार. लेखणीने तलवारीवर ठेवलेला हा पहारा होता. तो नेहमी चालला असे नाही, पण कल्पना म्हणून ती आजच्या लेखापरीक्षणाच्या तोडीची आहे असे माझे ठाम मत आहे.

आता यातून आडनावांचे काय झाले बघा. मराठी फौजा माळव्यात गेल्या, गुजरातेत गेल्या, बुंदेलखंडात, नागपूरकडे, पार ओरिसापर्यंत गेल्या. जिथे सरदार स्थिरावला तिथे कचेरी बसली. कचेरी बसली की आठांचा संच आला. ग्वाल्हेरीस एक फडणीस, इंदुरास एक, बडोद्यास एक, नागपुरास एक. हे एकाच घरातले चार भाऊ नव्हेत. वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या जातींतून आलेली ही माणसे, एकाच खुर्चीच्या चार प्रतींवर बसलेली. आंब्याची कोय चार ठिकाणी पडून चार झाडे व्हावीत तशी ही पांगापांग नव्हे. साचा चार ठिकाणी गेला आणि प्रत्येक ठिकाणी तिथली माती त्यात भरली गेली.

कुलकर्णी आडनावाशी तुलना केली की फरक आणखी स्पष्ट होतो. कुलकर्णीही लिहिणाराच, पण तो गावाचा. त्याचे वतन त्या गावच्या जमिनीत रुतलेले, म्हणून गावागणिक कुलकर्णी, आणि म्हणून आज त्यांची संख्या अफाट. ते वतन १९५० च्या कायद्याने संपले, आडनाव उरले. 'नीस' मात्र दरबाराचा. दरबार हलला की तोही हलायचा. त्यामुळे ही आडनावे संख्येने कमी, पण नकाशावर विखुरलेली. आजही ती दाट सापडतात ती जुन्या राजधान्यांत आणि संस्थानांच्या गावांत.

पद आडनाव कधी झाले? मराठेशाहीतल्या पत्रांत माणूस स्वतःचे आणि वडिलांचे नाव लिहितो. नाना फडणीस कागदोपत्री 'बाळाजी जनार्दन' आहेत. त्यांचे घराणे भानू, गाव कोकणातले वेळास. सिद्दीच्या जाचामुळे बाळाजी विश्वनाथ भट श्रीवर्धन सोडून घाटावर आले, तेव्हा भानू बंधू त्यांच्या सोबत होते. १७१३ मध्ये भटांकडे पेशवाई आली आणि भानूंकडे फडणिशी. नानांच्या आधी ती त्यांच्या वडिलांकडे होती, त्यांच्याही आधी आजोबांकडे. तीन पिढ्या एकच काम, मग लोक भानू म्हणायचे विसरले. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले तेव्हा 'फडणीस' हे जणू त्यांचेच नाव झाले होते. त्यांच्या मालकांचे तेच झाले. भटांचे पेशवे झाले.

म्हणजे पद वंशपरंपरेने चालू लागले की आडनाव जन्माला येते. मुलगा बापाच्या मांडीवर बसून मोडी गिरवायचा, वळण शिकायचा, कोणत्या रुमालात कोणता कागद बांधलेला आहे हे त्याला पाठ व्हायचे. अशा मुलाला डावलून नवखा माणूस नेमणे राजालाही परवडत नसे. घराणेशाहीचा हा प्रकार मला न्याय्य वाटत नाही, कारण लेखणी ठरावीक घरांतच कोंडली गेली आणि बाकीचा समाज दप्तराबाहेर राहिला. आडनावाचा अभिमान सांगताना ही दुसरी बाजूही सांगितली पाहिजे.

चिटणिसांचे उदाहरण यापेक्षाही बोलके आहे. बाळाजी आवजी मूळचे चित्रे. वडील आवजी हरी जंजिऱ्याच्या सिद्दीच्या चाकरीत होते. सिद्दीने त्यांना मारले आणि बायकामुलांना विकायला धाडले, ती राजापुरात सोडवली गेली, अशी घराण्यातली हकीकत आहे. पुढे बाळाजींचे मोत्यासारखे अक्षर शिवाजी महाराजांच्या नजरेत भरले आणि ते चिटणीस झाले. १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या काळात त्यांना मृत्युदंड झाला. तरीही त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ स्वराज्याशी एकनिष्ठ राहिले आणि राजाराम महाराजांबरोबर थेट जिंजीपर्यंत गेले. याच वंशातल्या मल्हार रामरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी साताऱ्याला बखर लिहिली. जंजिरा, राजापूर, रायगड, जिंजी, सातारा. एका आडनावाने ही वाट चालली, आणि वाटेत कुठेतरी 'चित्रे' गळून पडले.

बाळाजी आवजींचे घराणे कायस्थ प्रभूंचे. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातही पत्रे लिहिण्याचे काम एका कायस्थ प्रभू घराण्याकडे होते, पण तिथे रूप टिकले ते 'चिटणवीस'. सर गंगाधरराव चिटणवीस त्यातले, मध्य प्रांताच्या विधिमंडळाचे पहिले अध्यक्ष. चिटणीस दिसले की नजर साताऱ्या-पुण्याकडे वळवावी आणि चिटणवीस दिसले की नागपूरकडे, असा माझा शिरस्ता आहे. शंभर टक्के लागू पडत नाही, पण सुरुवातीला दिशा मिळते.

मग १८१८ आले. पेशवाई बुडाली, दुसरा बाजीराव बिठूरला गेला आणि त्याच्याबरोबर मोठा लवाजमाही कानपूरजवळच्या त्या गावी गेला. १८४८ मध्ये सातारा खालसा झाले, १८५४ मध्ये नागपूर. दरबार मिटले तशी लिहिणाऱ्यांची रोजी गेली. पण लिहिता येणाऱ्याला दुसरी लेखणी मिळते. काहीजण इंग्रजांच्या मामलेदार कचेरीत कारकून झाले, काही शिक्षक, काही वकील. उरलेल्या संस्थानांनी, विशेषतः बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, देवास आणि धार यांनी, १९४७ नंतर विलीन होईपर्यंत जुनी पदे सांभाळली. आणि नेमक्या याच काळात इंग्रजी शाळांचे दाखले, नोकरीची पुस्तके, खानेसुमारी या सगळ्यांना नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा ठरीव साचा हवा होता. त्या क्षणी घराला लोक ज्या नावाने हाक मारत होते, ते कागदावर गोठले. ज्या शाखेकडे पद होते ती 'फडणीस' म्हणून गोठली. गावी राहिलेली चुलत शाखा जुन्याच आडनावाने.

दक्षिणेत वेगळेच घडले. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती. मराठी लिहिणारे तिथेही गेले, त्यांचे मोडी कागद सरस्वती महालात आजही आहेत. पण तमिळ मुलखात आडनाव लावायची रीत नाही. नावापुढे 'राव' राहिला आणि हुद्दे हळूहळू निघून गेले. १८२८ मध्ये कुंभकोणमला जन्मलेले टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झाले. त्यांच्या नावात 'टी'चा अर्थ तंजावर. आडनाव टिकायला नुसते काम पुरत नाही, आडनाव विचारणारा समाजही लागतो.

आणि आता थोडे महाराष्ट्राबाहेर. 'नवीस' काही फक्त आपला नव्हता. मोगली बंगालमध्येही तोच होता, फक्त बंगालीत 'व'चा 'ब' झाला. तिकडचे 'पत्रनबीस' म्हणजे आपले चिटणीस, अर्थाने तंतोतंत. आणि प्रशांतचंद्र महालनोबिस! १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था काढणारे हे शास्त्रज्ञ आडनावानेही नवीसच, महालांची, म्हणजे महसुली विभागांची, नोंद ठेवणाऱ्यांच्या परंपरेतले. आकडेशास्त्रज्ञाच्या नावात आकडे लिहिणारा दडलेला असावा, हा योग मला फार आवडतो. आपल्याकडचे मुजुमदार, गुजरातचे मजमुदार आणि बंगालचे मजुमदार हेही एकाच हुद्द्याचे तीन उच्चार.

सर्वांत लांब पसरलेले जाळे पोतनिसाच्या 'पोता'चे. फारसीत 'फोता' म्हणजे पैशाची थैली, आणि खजिन्याचा सारा. 'फोतादार' म्हणजे खजिना सांभाळणारा. काश्मिरी पंडितांत तो 'फोतेदार' राहिला. बंगालमध्ये आणि मारवाड्यांत 'पोद्दार' झाला. मराठीत 'पोतदार'. इथे तर तो गावपातळीवर उतरला आणि नाणी पारखणाऱ्या सोनारालाही पोतदार म्हणू लागले. त्यामुळे महाराष्ट्रात पोतदार ब्राह्मणांत आहेत, सोनारांतही आहेत. नुसत्या आडनावावरून जात ओळखू पाहणारे इथे हमखास फसतात. सबनीसही ब्राह्मणांत सापडतात आणि कायस्थ प्रभूंतही.

मग ज्याला आपल्या घराचा माग काढायचा आहे त्याने काय करावे? आडनाव बाजूला ठेवावे, हे पहिले. कुलदैवत, गोत्र आणि मूळ गाव विचारावे, कारण पद बदलले तरी कुलदैवत सहसा बदलत नाही. वेळासजवळचे कुलदैवत असलेले फडणीस आणि तुळजापूरची भवानी असलेले फडणीस यांना एका झाडावर चढवण्यात अर्थ नाही. मग नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी किंवा गयेच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. यात्रेकरूने तिथे स्वतःचे, वडिलांचे, आजोबांचे नाव आणि गाव नोंदवलेले असते, आणि पुष्कळदा आधीचे आडनावही. कुलवृत्तान्त छापलेला असेल तर तोही पाहावा, मात्र त्यातल्या दंतकथा तपासून घ्याव्यात. पुण्याच्या पेशवे दप्तरात नेमणुकांचे, इनामांचे आणि पगाराचे कागद आहेत. गो. स. सरदेसायांनी त्यातले निवडक ४५ खंडांत १९३०च्या दशकात छापले, पण तो समुद्रातला तांब्याभर आहे. बाकीचे मोडीतच. मोडी शिकायला काही महिने लागतात, आणि पणजोबांचे अक्षर स्वतः वाचता येण्यासाठी तेवढे महिने खर्ची घालावेत असे मी आग्रहाने सांगेन.

एक खूण लक्षात ठेवावी. जुन्या पत्रांच्या शेवटी किंवा पाठीवर 'बार' असा शेरा दिसतो. कागद दप्तरात नोंदला गेला, अशी ती खूण. आजच्या कचेरीतली 'बारनिशी' तिचीच वारस.

या कुळातल्या सर्वांत दूर गेलेल्या आडनावाची गोष्ट राहिली. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनमध्ये गेले. आडनावातला 'कोट' म्हणजे तटबंदी, आणि पुढे तोच लिहिणारा. चिनी नावात आडनाव आधी येते आणि ते बहुधा एकाच अक्षराचे असते. म्हणून 'कोटणीस'मधले पहिले अक्षर घेऊन 'के' केले गेले आणि डॉक्टर 'के दीहुआ' झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच वारले. शिजियाझुआंगच्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे, आणि तिथले लोक त्यांना याच नावाने ओळखतात. त्या एका अक्षरात कोट अर्धामुर्धा उरला आहे. 'नीस' सोलापुरातच राहिला.